मंगळावरची हिरवळ

मंगळावर झाडेझुडपे आहेत, असे जगातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी साधारण शंभर वर्षे मानले. ही समजूत पंचांगवाल्यांची किंवा गोष्टी रचणाऱ्यांची नव्हती. दुर्बिणीला डोळा लावून रात्री जागवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांची होती. नियतकालिकांत त्यावर निबंध छापून येत. अगदी १९५९ सालीसुद्धा अमेरिकेतल्या एका नामांकित विज्ञान साप्ताहिकात मंगळावरील वनस्पतींचा 'आणखी पुरावा' प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर सहाच वर्षांत ती सगळी हिरवळ नाहीशी झाली. कुणी तोडली नाही की जाळली नाही. ती मुळात नव्हतीच. नसलेले रान शंभर वर्षे कसे टिकले आणि मग कसे गेले, त्याची ही हकिगत आहे.

मी विज्ञानाचा माणूस नाही. बी.ए.पर्यंत शिकलो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. पण नसलेली गोष्ट दिसणे हा आमच्या कामाचा भागच असल्यामुळे या इतिहासाकडे मी ओढला गेलो. आपण शाळेत अलंकार शिकलो, ते आठवून पाहा. मुख चंद्रासारखे आहे, ही उपमा. हे मुख की चंद्र, असा प्रश्न पडला तर तो ससंदेह. आणि मुखालाच चंद्र समजून चकोर तिकडे झेपावला, तर तो भ्रांतिमान. उपमा देणाऱ्याला दोन वस्तू वेगळ्या आहेत हे ठाऊक असते. ससंदेहात मन दोन्हीकडे हेलकावत असते. भ्रांतिमानात ते एका बाजूला झुकून मोकळे झालेले असते. मंगळाच्या हिरवळीच्या गोष्टीत हे तिन्ही अलंकार आपल्याला भेटणार आहेत.

आपल्याकडे मंगळाला भौम म्हणतात, म्हणजे भूमीचा मुलगा. अंगारक हे त्याचे दुसरे नाव. संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी. फारसी आणि उर्दू शायरीत तो मिर्रीख, आकाशातला जल्लाद. तांबड्या रंगामुळे निरनिराळ्या देशांतल्या लोकांना त्याच्यात आग किंवा रक्त दिसले, आणि अजूनही मुलीच्या पत्रिकेत 'मंगळ' निघाला की घरात कुजबूज सुरू होते. हिरवा रंग मात्र कुणाला दिसला नव्हता. तो दिसायला दुर्बीण यावी लागली.

१६५९ साली हॉलंडच्या ख्रिश्चियन हायगेन्सने मंगळावरचा एक काळसर डाग कागदावर उतरवला. पुढे ध्रुवांवरच्या पांढऱ्या टोप्या दिसल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शेलने त्या टोप्या ऋतूप्रमाणे लहानमोठ्या होतात हे पाहिले. मंगळाची स्वतःभोवतीची एक फेरी २४ तास ३७ मिनिटांत होते. त्याचा आस सुमारे २५ अंशांनी कललेला, जवळजवळ पृथ्वीसारखाच, म्हणून तिथेही उन्हाळा आणि हिवाळा. मुलगा आईच्या वळणावर गेला आहे म्हटल्यावर बाकीचे साम्य माणसाने स्वतःच भरून काढले. काळसर भागांना समुद्र म्हटले गेले. १८६० च्या दशकात एमान्युएल लिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सुचवले, की हे समुद्र नसून वनस्पतींचे प्रदेश असावेत. त्याला आधार वाटावा अशी एक गोष्ट निरीक्षकांना दिसतही होती. मंगळावर वसंत सुरू होऊन ध्रुवाची टोपी आटू लागली, की काळसरपणा ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे पसरत जाई. मृगाचा पाऊस पडला की कोकणातला कातळ आठ-पंधरा दिवसांत हिरवा होतो, हे आपण पाहिलेले आहे. तसेच काहीसे तिथे चालले असणार, असे वाटले तर नवल नाही.

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला. आपल्या दख्खनमध्ये तेव्हा १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. इटलीतल्या मिलान शहरी जोव्हान्नी स्किआपारेली यांनी त्या वर्षी मंगळावर बारीक सरळ रेषा पाहिल्या आणि त्यांना 'कनाली' म्हटले. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर किंवा पाट असाही होतो. इंग्रजीत त्याचा 'कॅनल' झाला, मराठीत 'कालवा' झाला, आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच. सुएझचा कालवा उघडून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

या रेषांच्या नादी सगळ्यात जास्त लागला तो बोस्टनचा एक धनिक, पर्सिव्हल लोवेल. १८९४ साली त्याने अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात फ्लॅगस्टाफ येथे स्वतःची वेधशाळा उभारली आणि १८९५ साली मंगळावरचे पहिले पुस्तक छापले. त्याचे म्हणणे तर्काला सोडून नव्हते. मंगळ वाळत चाललेला ग्रह आहे, तिथल्या बुद्धिमान रहिवाशांनी ध्रुवांचे पाणी कालव्यांनी आणले आहे, आणि आपल्याला दिसते ते कालव्यातले पाणी नसून दोन्ही काठांवरची शेती आहे. नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेने ज्याने ऐन उन्हाळ्यात प्रवास केला असेल, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. आजूबाजूला उघडे माळ आणि मधून उसाचा हिरवा पट्टा. दुरून पाणी दिसत नाही, ऊस दिसतो.

आकाशातल्या खुणा वाचून मोठे निष्कर्ष काढण्याचे वारे त्या काळी आपल्याकडेही होते. गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० साली तिथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. या लोकमान्यांनी १८९३ साली, म्हणजे लोवेलच्या पुस्तकाच्या दोनच वर्षे आधी, 'ओरायन' प्रसिद्ध करून मृगशीर्षाच्या जुन्या उल्लेखांवरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मानला नाही. पण त्यांच्यासमोर ग्रंथांतली वचने होती आणि गणित होते. दुसरा कुणीही ती वचने काढून, ते गणित पुन्हा मांडून टिळकांशी वाद घालू शकत होता. लोवेलच्या बाजूने साक्षीदार एकच होता, त्याचा स्वतःचा डोळा.

डोळा हा किती भाबडा साक्षीदार असतो, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला विचारावे. माझे अब्बा गिरगावला लागून असलेल्या काळबादेवीत एका दुकानात गुमास्ते होते. नारिंगी साडीशेजारी राखाडी कापड उलगडले, की गिऱ्हाईक हमखास म्हणे, "हे हिरवट आहे." अब्बा वाद घालत नसत. ते कापड उचलून एकटेच दाराशी नेत आणि म्हणत, "ताई, उजेडात बघा." तिथे ते राखाडीच निघे. नारिंगीच्या शेजारी राखाडी रंगाला हिरवी-निळी झाक येते, हा डोळ्याचा स्वभाव आहे. मंगळाचे वाळवंट नारिंगी आणि मधले डाग राखाडी. दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना दिसलेली हिरवी झाक बरीचशी अशी आलेली होती. फक्त मंगळाला दाराशी उजेडात नेण्याची सोय नव्हती.

रेषांचेही तसेच. १९०३ साली ग्रीनिचच्या वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर मॉन्डर यांनी एक साधा प्रयोग केला. शाळेतल्या मुलांसमोर त्यांनी एक चित्र ठेवले. त्यात गोल होता, गोलात विखुरलेले ठिपके आणि वेडीवाकडी चिन्हे होती. सरळ रेषा नव्हत्या. मुलांना दिसेल तसे काढायला सांगितले. जवळ बसलेल्यांनी ठिपके काढले. फार दूरच्यांना काहीच नीट दिसले नाही. मधल्या अंतरावरच्या मुलांनी मात्र ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या. त्या मुलांपैकी कुणाला कालव्यांशी काही देणेघेणे नव्हते.

या प्रयोगाबद्दल वाचले तेव्हा मला मौलाना रूमींच्या मसनवीतली एक गोष्ट आठवली. खलिफा उमर यांच्या काळात रमजानच्या चंद्रासाठी लोक टेकडीवर गेले. एक जण म्हणाला, तो पाहा चंद्र. उमर यांना काही दिसेना. ते म्हणाले, हात ओला कर, भुवईवरून फिरव आणि पुन्हा पाहा. त्याने तसे केले आणि चंद्र गेला. भुवईचा एक केस वाकून डोळ्यांसमोर आला होता. आमच्याकडे आजही चंद्राची साक्ष घेणारी जाणती माणसे साक्षीदाराला विचारतात, की सूर्य बुडाला त्याच्या कोणत्या बाजूला दिसला, टोके कुठल्या दिशेला होती. साक्षीदार खोटे बोलतो असा त्यात संशय नसतो. दिसावे अशी इच्छा असली की दिसते, एवढाच अनुभव त्यामागे असतो. लोवेलने शुक्रावरही चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा पाहिल्या होत्या. दुर्बिणीचे तोंड त्याने इतके बारीक केले होते, की त्याला स्वतःच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसली असावी, असे नंतरच्या काही अभ्यासकांनी म्हटले आहे. भुवईच्या केसाचीच ही गोष्ट.

१९०९ साली पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून युजीन आंतोनियादी यांनी मंगळ पाहिला, तेव्हा कालवे विरून त्यांच्या जागी लहानमोठे असंख्य डाग दिसले. कालवे गेले, पण वनस्पती राहिल्या. उलट आता त्यांच्यामागे प्रयोगशाळा उभी राहिली. सोव्हिएत संघात गाव्रील तिखोव यांनी १९४७ साली कझाकस्तानच्या विज्ञान अकादमीत 'खगोल-वनस्पतिशास्त्र' नावाचा विभागच काढला. त्यांचा प्रश्न चांगला होता. पृथ्वीवरचे हिरवे पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परतवते. मंगळाचे काळसर भाग तसे करत नाहीत, ते का? थंड प्रदेशातल्या झाडांना उष्णतेचा कण न् कण हवा असतो, म्हणून मंगळावरची झाडे ती उष्णता परत पाठवत नसतील, असे उत्तर त्यांनी शोधले. गैरहजेरीचेही कारण सापडले की पुरावा कधीच विरुद्ध जात नाही. भ्रांतिमान अलंकाराची ताकद ही अशी असते.

अमेरिकेत विल्यम सिंटन यांनी दुसरी वाट धरली. सजीव पदार्थांत कार्बन आणि हायड्रोजन जोडलेले असतात आणि ती जोडणी अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक लहरी शोषून घेते. १९५६ साली आणि पुन्हा १९५८ साली, दुसऱ्या वेळी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने, सिंटन यांना मंगळाच्या काळसर भागांतून येणाऱ्या प्रकाशात त्या लहरी कमी आढळल्या. सुरुवातीला सांगितलेला 'आणखी पुरावा' तो हाच. पुढे हिशेब लागला तो असा: त्यातल्या दोन महत्त्वाच्या खुणा मंगळावरच्या नव्हत्या. आपल्याच वातावरणातल्या वाफेत जड हायड्रोजन असलेले थोडे पाणी असते, त्याने त्या लहरी वाटेत गिळल्या होत्या. १९६५ साली हा खुलासा करणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत खुद्द सिंटन यांचे नाव होते. नऊ वर्षे जपलेल्या शोधावर स्वतःच्या सहीने काट मारणारा हा माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो.

त्याच वर्षी, १४ जुलै १९६५ रोजी, मरीनर-४ हे अमेरिकन यान मंगळाजवळून गेले. दुसऱ्या ग्रहाची जवळून घेतलेली ती पहिली छायाचित्रे. एका चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके. एकेक चित्र पृथ्वीवर पोचायला आठ तासांहून अधिक लागत. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञांना इतका धीर नव्हता. आलेल्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या त्यांनी भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, रंगीत खडू आणले आणि प्रत्येक आकड्याला एक छटा ठरवून लहान मुलांच्या रंगकामाच्या वहीसारखे चित्र रंगवले. यंत्राच्या चित्राआधी ते हाताने रंगवलेले चित्र तयार झाले. खडू तपकिरी, पिवळे आणि तांबडे होते. हिरव्याची गरज पडली नाही. सगळी मिळून २१ पूर्ण चित्रे आली आणि त्यांत चंद्रावर असतात तशी विवरे होती. हवा तर इतकी विरळ निघाली, की तिथे पाणी पातळ रूपात टिकणेच कठीण.

उरलेले कोडे होते वसंतात पसरणाऱ्या काळसरपणाचे. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरीनर-९ मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा सबंध ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला होता. महिन्याभराने धूळ बसू लागली आणि यानाने पुढे सात हजारांवर चित्रे पाठवली. आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. ऋतूप्रमाणे वारे फिरतात, फिकी धूळ एका जागेवरून उडून दुसरीकडे बसते, खालचा काळा खडक उघडा पडतो किंवा झाकला जातो. ज्याला आपण पालवी म्हणत होतो, तो केर काढल्यासारखा प्रकार होता.

तरी नावे राहिली. मंगळाच्या नकाशावर ज्यांना समुद्र म्हटले गेले, त्यांतली कित्येक नावे लॅटिन रूपात आजही वापरात आहेत. गिरगावकरांना याचे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडे फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, आंबेवाडी आहे. आज फणसासाठी कुणी फणसवाडीत जात नाही. फरक इतकाच, की मंगळावरच्या समुद्रांत कुणी पाणी पाहिले नव्हते, आणि वाडी या शब्दाचा अर्थ बाग असा होतो हे गिरगावातल्या नावांनी अजून धरून ठेवले आहे.

यानांचा डोळा आला म्हणून माणसाची इच्छा संपली, असे मात्र नाही. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ मंगळावर उतरले. त्याचे पहिले रंगीत चित्र घाईने तयार झाले, त्यात आकाश निळसर दिसले. रंगांचे मोजमाप नीट जुळवल्यावर ते गुलाबी-पिवळसर निघाले. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क नापसंतीचा आवाज काढला. निळे आकाश त्यांच्याकडून परत घेतले गेले होते.

२००१ साली तर आर्थर क्लार्क यांच्यासारखा जाणता लेखक फसतो की काय असे वाटले. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना १९४५ सालीच मांडणारे हे गृहस्थ श्रीलंकेत राहत. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ टिपलेल्या चित्रांत मधल्या गाभ्यापासून चहूकडे फांद्या फुटलेल्या काळ्या आकृती होत्या. वसंतात त्या उमटत, नंतर पुसट होत. क्लार्क यांना त्यात वडाची झाडे दिसली, वरून पाहिलेली. वटपौर्णिमेला दोरा गुंडाळणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही उपमा लगेच कळेल. त्याच सुमारास हंगेरीतल्या काही शास्त्रज्ञांनीही तिथल्या ढिगाऱ्यांवरचे काळे ठिपके सजीवांचे असू शकतील असे मांडले. २००६ साली ह्यू किफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा खुलासा दिला. हिवाळ्यात तिथे कार्बन डायऑक्साइडचा बर्फ थरावर थर जमतो. वसंतातले ऊन त्या पारदर्शक थरातून आरपार जाऊन खालची जमीन तापवते. बर्फाच्या पोटात वायू कोंडतो आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा फट शोधून उसळतो. जाताना जमिनीत फांद्यांसारख्या चऱ्या पाडतो आणि वर काळी धूळ फेकतो. २०२४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा आकृती प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या. वड गेला. पण त्याच्या जागी जे आले, ते पृथ्वीवर कुठेच घडत नाही. आपण आपल्या अंगणातले झाड तिथे पाहत राहिलो असतो, तर हे नवल आपल्याला कधी दिसले नसते.

मग वनस्पती खरोखर असेल तर ती वरून ओळखायची कशी? तिखोव यांचा प्रश्न इथे कामाला येतो. पान तांबडा प्रकाश खाते आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोराने परतवते. या दोहोंमधली उडी ही वनस्पतीची सही. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेले, तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याला पृथ्वीच परकी समजून तपासायला लावली. ती सही मिळाली. जोडीला भरपूर ऑक्सिजन आणि मिथेनही मिळाला. नुसता हिरवा रंग पुरत नाही, तीन-चार साक्षी एकमेकींशी जुळाव्या लागतात, हा धडा त्यातून पक्का झाला.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात झाली ती माडांपासून. पिशारोथ रामा पिशारोती हे हवामानशास्त्रज्ञ कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे संचालक होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचेही ते पहिले संचालक. १९७० साली त्यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रे घेतली गेली. मुळांचा रोग लागलेले माड आणि निरोगी माड त्यात वेगळे ओळखू आले. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह गेला आणि हे काम देशभर होऊ लागले.

अशा उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात एक गंमत असते. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला तांबडा रंग देतात. त्यामुळे जंगल तांबडे दिसते आणि वस्ती निळसर राखाडी. मुंबईचे असे चित्र पाहिले, तर मलबार हिल आणि राजभवनाचा टोक तांबडे, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान लालभडक, आणि त्यांच्या मानाने आमचे गिरगाव म्हणजे राखाडी पट्टा. तांबड्या मंगळावर हिरवे शोधणाऱ्या माणसाने पृथ्वीवरचे हिरवे अखेर तांबड्या रंगात वाचायला घेतले.

आता हे वाचन दिवाणखान्यातल्या गप्पांपुरते राहिलेले नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहचित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. तिच्या व्याख्येनुसार एक हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या जागेवर झाडांची सावली किमान दहा टक्के आहे, ती वनाच्छादनात धरली जाते. मालकी कुणाची आणि झाड कोणते हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे गिरगावकरांच्या गावाकडची हापूसची मोठी बागही त्यात येऊ शकते. आंब्याच्या बागेला कुणी वाईट म्हणणार नाही, पण तिला रान म्हणणारा माणूस कोकणात सापडणार नाही. २०१९ साली आरे वसाहतीतली झाडे हे जंगल की नुसती झाडे, यावर मुंबईत न्यायालयापर्यंत वाद गेला. वरून पाहणाऱ्याला पानाची सही दिसते. त्या पानाखाली काय राहते, कोण राहतो, हे दिसत नाही. उलट कामही या चित्रांनी केले आहे. २६ जुलैचा पूर होऊन गेल्यावर ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवायला सांगितली आणि त्यांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून करायला लावले. तिवरे इथे कधी नव्हतीच, असे म्हणण्याची सोय त्यामुळे कमी झाली.

दूरसंवेदनातली माणसे एक शब्द वापरतात, 'ग्राउंड ट्रूथ'. चित्रावरून जे वाटले ते जमिनीवर जाऊन पाहणे. अब्बांच्या भाषेत, उजेडात बघणे. त्याचे अगदी घरचे उदाहरण जून २०२० मध्ये घडले. बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. हे सरोवर उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेल्या विवरात आहे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याच्यात रस असतो. २५ मेच्या उपग्रहचित्रात पाणी हिरवट होते, १० जूनच्या चित्रात गुलाबी. आकाशातून एवढेच कळले. तर्क अनेक झाले. शेवटी पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले तेव्हा समजले, की पाणी कमी होऊन खारटपणा वाढल्याने मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले होते आणि तो रंग त्यांचा होता. म्हणजे जीवसृष्टी होती, पण ती हिरवी नव्हती. आणि तिची खात्री बाटलीतल्या पाण्याने झाली.

मंगळावर अजून अशी बाटली भरून आणता आलेली नाही. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तिथे पोचले आणि २०२२ साली संपर्क तुटेपर्यंत त्याने सबंध मंगळाची सुरेख चित्रे पाठवली. त्यांतल्या काळसर डागांना आता कुणी शेत म्हणत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्सिव्हिरन्स या फिरत्या गाडीला एका खडकावर बिबट्याच्या कातड्यासारखे ठिपके दिसले. पृथ्वीवर असे ठिपके कधी कधी सूक्ष्मजीवांमुळे होतात, कधी त्यांच्याशिवायही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर निबंध आला, त्यात त्या ठिपक्यांना जीवनाची 'संभाव्य' खूण म्हटले आहे. भ्रांतिमानात शंभर वर्षे काढलेले शास्त्र आता ससंदेहात स्थिरावले आहे, आणि तिथे बसायला धीर लागतो.

मंगळावर नसलेली झाडे आपण पाहिली, त्यात फारसे कुणाचे नुकसान झाले नाही. झाली ती करमणूक आणि थोडे ज्ञान. पण आता तीच नजर आपल्याच तिवरांवर, आमराईवर आणि डोंगरांवर फिरते आहे, आणि तिने काढलेल्या आकड्यांवर झाडांचे जगणे-मरणे ठरते. इथे नसलेले रान कागदावर उगवले किंवा असलेले रान राखाडीत मोडले, तर खुलासा यायला शंभर वर्षे थांबता येणार नाही. सिंटन यांनी निदान स्वतःचा पुरावा पुन्हा तपासला. चित्र कितीही उंचावरून घेतलेले असो, ते हातात घेऊन त्या जागेवर पायी जाणारा एक माणूस प्रत्येक वेळी लागतोच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)